डिस्ट्रिब्युटरवर ओतलेला नारळ

तुमच्या कार्यालयाची गाडी सकाळी सुरू झाली नाही, तर पहिला संशय तुम्ही कोणावर घेता? बॅटरीवर, प्लगवर, की ड्रायव्हरवर? उत्तर द्यायची घाई करू नका. मी ज्या कार्यालयात टायपिंग करत होते तिथली माणसं शिकलेली होती, दोघे-तिघे तर इंजिनिअर होते, आणि त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरचा शर्ट हुंगला. शब्दशः हुंगला. कॉलर बोटांत धरून, नाक जवळ नेऊन.

तो ड्रायव्हर माझा काका. बाबांचा धाकटा भाऊ.

राज्य तेव्हा नवं होतं आणि रायपूर एका रात्रीत राजधानी झालं होतं. कार्यालयांना जागा नव्हती, मिळेल तिथे ती बसली. आमचं कार्यालय एका जुन्या वसतिगृहात होतं. साहेबांच्या खोलीच्या भिंतीवर पोरांनी खिळ्यानं कोरलेले क्रिकेटचे स्कोर होते, त्यावर राज्याचा नकाशा टांगला होता. नकाशा छोटा पडला, स्कोर दोन्ही बाजूंनी दिसायचे. आम्ही टायपिंगवाल्या मुली वसतिगृहाच्या लोखंडी खाटांवर मॉनिटर ठेवून, स्टुलावर बसून काम करायचो, कारण टेबलं यायची होती. साहेबांची पांढरी गाडी मात्र पहिल्याच आठवड्यात आली. त्या शहरात तेव्हा माणसाचं वजन त्याच्या गाडीच्या पांढरेपणावर ठरत होतं. कोणाचे पडदे किती पांढरे, टॉवेल किती पांढरा, बंपरला चमक किती. राज्य कशासाठी झालं असं त्या लोकांना विचारलं असतं, तर त्यांनी खिडकीतून पोर्चकडे बोट दाखवलं असतं.

मी ही नोकरी धरली याची मला तेव्हाही लाज वाटायची. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. आजोबा विदर्भातून रेल्वेबरोबर इकडे आले, बाबा वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात इलेक्ट्रिक फिटर झाले आणि संध्याकाळी युनियनचे झाले. मी अक्षरं पत्रकांवर शिकले. पहिला जोडशब्द मी वाचला तो 'वेठबिगार'. सायक्लोस्टाइलची शाई हाताला लागलेली असताना मी शाळेत जायचे आणि बाई मला रांगेबाहेर उभं करायच्या. टायपिंगही मी पत्रकांसाठीच शिकले, आणि त्याच टायपिंगवर मला साहेबांच्या कार्यालयात कंत्राट मिळालं. काकानंच शब्द टाकला होता.

काका त्याआधी उरल्याला, शहराच्या कडेच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांचे ट्रक चालवायचा. नव्या राज्यात त्याला सरकारी गाडी मिळाली, पण तो दैनिक वेतनावर होता. रोज हजेरी लागली तर काम, नाही लागली तर नाही. कार्यालयात बातमी फिरत होती की अशा लोकांची एक यादी बनते आहे, ज्यांच्या नावावर काही डाग नाही ते पक्के होणार. काका त्या यादीसाठी जगत होता म्हटलं तरी चालेल. तो आमच्यातच राहायचा, उरल्याला लागूनच्या बीरगांवात; तिथून पहाटे पाचला सायकल काढायचा आणि साडेपाचला साहेबांच्या बंगल्यावर असायचा. एक दिवस चुकला नाही. अंगात ताप असताना गेला आणि बंगल्याच्या नळाखाली डोकं धरून गाडी धुतली.

गाडी धुण्याची त्याची एक पद्धत होती आणि ती सगळ्या जुन्या ड्रायव्हरांची असते. इंजिनाच्या एका अंगाला मुठीएवढा काळा डबा असतो, त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. त्याच्या झाकणातून जाड वायरी निघतात, प्रत्येक प्लगला एक. कोणत्या प्लगला केव्हा करंट द्यायचा ते त्या डब्यात ठरतं. तिथे ओल शिरली की करंट भलतीकडे पळतो आणि इंजिन अडखळायला लागतं. ड्रायव्हर लोक याला 'मिसिंग' म्हणतात. म्हणून बॉनेटच्या आसपास पाणी मारायचं असेल तर काका आधी त्या डब्यावर जाड प्लास्टिकची पिशवी चढवायचा आणि सायकलच्या ट्यूबचं कापलेलं कडं घालून ती आवळायचा. पाच मिनिटांचं काम. ते त्याला कोणत्याही सरकारनं शिकवलं नव्हतं.

मग दसरा आला.

नव्या राजधानीतली ही पूजा साहेबांना थाटात हवी होती. शेजारच्या कार्यालयाच्या साहेबांनी फोटोग्राफर बोलावला होता, म्हणून आमच्याकडेही फोटोग्राफर आला. सदर बाजारातून झेंडूचं पोतं आणलं. सगळ्या गाड्या पोर्चसमोर रांगेत, बॉनेट उघडी, सगळा स्टाफ पायऱ्यांवर. चाळीसेक माणसं असतील. मीही होते, तिसऱ्या पायरीवर. काकानं गाडी धुतली होती आणि पूजेत पाणी शिंपडतात हे त्याला माहीत होतं, म्हणून पिशवी काढली नव्हती.

साहेबांना ती दिसली. त्यांनी विचारलं, "ये पन्नी क्या लगा रखी है? भगवान के सामने पन्नी?"

काका म्हणाला, पाण्यापासून बचाव आहे साहेब.

"आज के दिन भगवान बचाएंगे," साहेब म्हणाले, आणि पायऱ्यांवरचे चाळीस लोक हसले. विनोद नव्हता, पण पगार होता. बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, ज्यांना एरवी फाइल उचलायला शिपाई लागायचा, ते लगबगीनं पुढे झाले आणि स्वतःच्या हातानं ती पिशवी ओढून काढली. झाकणाची एक क्लिप त्या ओढाताणीत सैल झाली असणार. साहेबांनी दगडावर नारळ फोडला, फोटोग्राफरकडे तोंड केलं, आणि अख्ख्या नारळाचं पाणी इंजिनावर सोडलं. पहिल्या वेळी फ्लॅश पडला नाही, म्हणून दुसरा नारळ आणला आणि तोही ओतला. नेमका त्याच डब्यावर, कारण तिथे कुंकू लावलेलं होतं आणि फोटोत कुंकू दिसायला हवं होतं.

काकाचा हात अर्धा वर आला होता. मी पाहिला. मग तो खाली गेला. आम्ही सगळ्यांनी प्रसाद खाल्ला.

पुढचे दिवस गाडी ठीक चालली. आमच्या खात्याचं काम कारखान्यांची तपासणी, त्यामुळे गाडी रोज उरल्याला जायची आणि तिथल्या रोलिंग मिलच्या फाटकापाशी तास न् तास उभी राहायची. साहेब आत चहा घ्यायचे आणि धुराबिराचं सगळं व्यवस्थित आहे असा शेरा मारून परत यायचे. त्या फाटकापाशी उरल्याची काळी बुकणी पडते. ती पानांवर पडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, भातावर पडते. साहेबांना ती कधी दिसली नाही.

दिवाळीनंतर थंडी सुरू झाली आणि गाडी सकाळी मिसिंग मारायला लागली. एकदा ती मंत्र्यांच्या बैठकीला जाताना चौकातच बंद पडली. मागे पांढऱ्या गाड्यांची रांग, सगळे हॉर्न वाजवताहेत. साहेबांना शेवटी कनिष्ठ अधिकाऱ्याच्या गाडीत बसून जावं लागलं, आणि तेही पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. गाडी बंद पडणं हा गुन्हा नव्हता. गुन्हा तो होता.

काकानं गाडी गॅरेजला नेली. न्यायला दुपार व्हायची, आणि दुपारी गाडीला काही नसायचं. मेकॅनिकनं प्लग बदलले, फिल्टर बदलला, डबा वरून फडक्यानं पुसला आणि गाडी चांगली असल्याची चिठ्ठी दिली. असं तीनदा झालं. तीन चिठ्ठ्या साहेबांच्या टेबलावर जमल्या आणि त्यातून साहेबांनी निष्कर्ष काढला. गाडी चांगली आहे असं तज्ज्ञ म्हणतो, तरी ती बंद पडते, म्हणजे खोट माणसात आहे. ड्रायव्हर पेट्रोल काढतो आणि रॉकेल घालतो.

तेव्हाच तो शर्ट हुंगण्याचा प्रसंग झाला. बडे बाबूंनी काकाला खोलीत बोलावलं, कॉलर धरली, हुंगली आणि मान डोलावली. रॉकेलचा वास येत होता. यायचाच. आमच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह होता, स्वयंपाकाच्या खोलीतच कपड्यांची दोरी होती. बीरगांवच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणाचाही शर्ट हुंगा, तोच वास येईल. त्या न्यायानं आमची अख्खी वस्ती पेट्रोलचोर. ज्यांच्या घरी गॅसच्या दोन टाक्या असतात त्यांना हे सुचत नाही, आणि सुचलं तरी ते बोलत नाहीत.

तीन जणांची चौकशी समिती नेमली गेली. त्यातल्या एकानंही आयुष्यात कधी प्लग हातात धरला नव्हता. काकाकडून किल्ली काढून घेतली आणि त्याला फाटकाजवळ स्टुलावर बसवलं. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला दिली. त्याच्याही हाताखाली ती सकाळी मिसिंग मारत राहिली. इथे तरी कोणाच्या डोक्यात उजेड पडावा की नाही? बडे बाबू म्हणाले, टाकीत अजून जुनं रॉकेल आहे. मधल्या काळात टाकी तीनदा पुन्हा भरून झाली होती.

काकानं घरी आठ दिवस काही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण त्यानं मला फाटकातच शपथ घातली होती. शेवटी एका रविवारी जेवताना बाबांनी त्याला विचारलं की तू पाचला उठत नाहीस आता, काहून? आणि मग सगळं निघालं.

बाबा भाषण करतील असं मला वाटलं होतं. माझ्या डोक्यात तर पत्रक तयार होतं, मथळ्यासकट. बाबांनी ताटात हात धुतला आणि फिटरसारखे प्रश्न विचारायला लागले.

"कवा बंद पडते?"

"सकाळी. बंगल्यावरून काढली का सुरू होते तिचं."

"दुपारी?"

"दुपारी मख्खन."

"रोज सकाळी?"

काका थांबला. "रोज नाई. त्या मंगळवारी चांगली चालली होती. मीच होतो."

"मंगळवारी दव होतं?"

काका आठवत राहिला. मग म्हणाला, "नाई. त्या दिवशी सायकलची सीट पुसावी नाई लागली."

"रॉकेल असतं त त्यानं मंगळवार कशाले पाळला असता?" बाबा म्हणाले. "उपास होता काय त्याचा?"

आई हसली. काका हसला नाही. बाबांनी धुराचं विचारलं, काळा की पांढरा. धूर नाही. वास? नाही. थांबून थांबून झटके येतात की एकसारखी मेलेली चालते? झटके. ऊन चढलं की आपोआप सुधारते? हव. तर हे पेट्रोलचं नाही, करंटचं आहे, बाबा म्हणाले. डबा कोणी उघडला काय?

"गॅरेजवाल्यानं पुसला न."

"वरून. आतून कोणी पाहिला?" कोणी नाही. "अन् पाणी गेलं कुठून? तू त पन्नी बांधते."

काका ताटाकडे पाहत राहिला. मग मीच दसऱ्याचं सांगितलं. पिशवी, बडे बाबू, एक नारळ, फ्लॅश न पडल्यामुळे दुसरा नारळ.

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "साधं पाणी असतं त दोन दिवसांत वाळून गेलं असतं. नारळाचं पाणी वाळते, त्याच्यातली साखर अन् खार तिथंच राहते. चिकट थर." त्यांनी खिडकीच्या कडेवर बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट आम्हाला दाखवलं. "अन् त्याच्यावर ही उरल्याची बुकणी चिकटली अशीन. कोरडं आहे तवर करंट ऐकते. रात्री दव पडलं का थर ओला होते, अन् करंटले प्लगपर्यंत जायची गरजच राहत नाई. आतल्या आतच पळते. ऊन पडलं का पुन्हा कोरडं, पुन्हा शहाणं." मग म्हणाले, "गॅरेजवाल्याले तू दुपारी गाडी दाखवते. त्याले काय दिसन?"

इतकं सोपं होतं ते. गाडी केव्हा बंद पडते, एवढा एक प्रश्न. साहेब, समिती, बडे बाबू, इंजिनिअर, कोणीही तो विचारला नव्हता. त्यांनी विचारलं होतं, कोण.

दुसऱ्या दिवशी बाबांनी रजा टाकली, बाजारातून डिस्ट्रिब्युटरचं एक नवं झाकण विकत घेतलं आणि कारखान्याचे निळे कपडे घालून ते कार्यालयात आले. बडे बाबूंनी आधी हाकललं. मग साहेबांनी वरून पाहिलं आणि करमणूक म्हणून होऊ द्या म्हटलं असावं. दुपारी दोनला सगळे पुन्हा पोर्चमध्ये जमले, दसऱ्यासारखे. तेच चाळीस लोक, फक्त झेंडू नव्हता. समितीचे तिघं खुर्च्यांवर. काका फाटकाजवळच्या स्टुलावर, त्याला जवळ यायला कोणी सांगितलं नाही.

बाबांनी दुसऱ्या ड्रायव्हरला गाडी सुरू करायला सांगितलं. सुरू झाली, ठीक चालली. बंद करायला सांगितली. मग दोन क्लिपा सोडून डब्याचं झाकण काढलं आणि पालथं करून समितीसमोर धरलं. आत काळपट तपकिरी पापुद्रा होता, गुळाच्या भांड्याला राहतो तसा, आणि दोन पितळी खिळ्यांच्या मध्ये पेन्सिलीनं ओढल्यासारखी एक बारीक रेघ. ती करंटची पळवाट आहे, अजून कच्ची आहे, कोरडी असली की पुरत नाही, असं बाबांनी हिंदीत सांगितलं. समितीच्या एकानं चष्मा काढला आणि पुन्हा घातला. त्याला काही दिसलं नव्हतं, पण आता ते सांगता येत नव्हतं.

मग बाबांनी ते झाकण तोंडाजवळ धरलं आणि आत हा केला. चष्म्याची काच पुसताना करतात तसा, दोनदा. झाकण बसवलं. गाडी सुरू करायला सांगितली.

स्टार्टर फिरत राहिला. गाडी दोनदा खोकली, हादरली आणि मेली. तीनदा प्रयत्न केला, तीनदा तेच.

बाबांनी खिशातून नवं झाकण काढलं, त्यातही तसाच दोनदा हा केला, वायरी एकेक करून त्याच क्रमानं लावल्या, बसवलं. गाडी एका फटक्यात सुरू झाली.

"पेट्रोल वही है," बाबा म्हणाले. "टंकी वही. मेरी साँस भी वही."

मी तिसऱ्या पायरीवर होते आणि मला वाटलं की जिंकलो. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी, मला वाटायचं की पुरावा समोर ठेवला की माणसं लाजतात.

साहेब म्हणाले, "मतलब पानी गया है." बाबांनी सांगितलं की हो, पाणी गेलं आहे, आणि साधं नाही. साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला तो बाबांकडे न बघता, सगळ्या पोर्चला उद्देशून.

"तो पानी डाला किसने?"

ज्या माणसानं दोन नारळ ओतले, तो हे विचारत होता. आणि त्याला खरंच आठवत नव्हतं असं मला वाटत नाही. त्याच्या खोलीत तो फोटो फ्रेम करून लावला होता. फोटोत तोच आहे, नारळ आहे, पाण्याची धार आहे, कुंकू लावलेला डबाही आहे. समितीच्या तिघांनी रोज त्या फोटोखाली बसून रॉकेलची चर्चा केली होती. बडे बाबू घड्याळाकडे बघायला लागले. दोघे इंजिनिअर इंजिनाकडे इतक्या लक्षपूर्वक बघायला लागले की जणू ते आत्ताच कोणीतरी शोधून काढलं आहे. पायऱ्यांवर निदान आठ-दहा मराठी माणसं होती, जी दर गणपतीत आमच्या मंडळात येऊन संस्कारांवर बोलतात. त्यांच्या चपलांना अचानक काहीतरी लागलं होतं, सगळे खाली बघत होते.

मी बोलले नाही. ते मी इथे लिहिते, कारण नाही लिहिलं तर बाकी काही लिहायचा मला हक्क नाही.

काका स्टुलावरून उठला, हात जोडले आणि म्हणाला, "धोने में मुझसे ही गया होगा, साहब."

साहेबांनी मान हलवली, उदारपणे. गाडी सुरू होती. सगळे पांगले.

घरी जाताना बाबा काकाच्या सायकलीशेजारून चालत होते, मी मागे. बाबांनी विचारलं, तू काहून असा बोल्ला? सगळं समोर होतं.

काका म्हणाला, "दादा, चोर म्हणून निघालो असतो त कुठंच काम भेटलं नसतं. गबाळा म्हणून राहिलो. गबाळ्याले ठेवतात."

"अन् खरं?"

"खरं तुमच्या कारखान्यात चालते. तुमच्याकडं युनियन आहे."

बाबांनी त्याच्या हातून सायकल घेतली आणि पुढे स्वतः ढकलत नेली.

काकाचा हिशेबही चुकला. दुसऱ्या दिवशी बडे बाबूंनी समितीचा अहवाल माझ्याकडेच टायपिंगला दिला. मुद्दाम दिला की त्यांच्या लक्षात नव्हतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्या माणसाला मुद्दाम काही करण्याइतकी बुद्धी असेल असं वाटत नाही. अहवाल हिंदीत होता. पेट्रोलमध्ये भेसळ आढळली नाही, असं त्यात एका ओळीत होतं. पुढे होतं की वाहन धुताना चालकाच्या घोर निष्काळजीपणामुळे विद्युत भागांत पाणी शिरलं, शासकीय वाहनाचं नुकसान झालं, सबब त्याच्या सेवेत प्रतिकूल नोंद घ्यावी. खाली तीन सह्यांची जागा. नारळ नाही, पिशवी नाही, दसरा नाही.

मी ते टाइप केलं. एकही चूक न करता. कंत्राट महिनाअखेर संपत होतं आणि वाढवायचं की नाही ते बडे बाबूंच्या हातात होतं, एवढंच कारण. 'घोर' हा शब्द मी पुसून पुन्हा टाइप केला, कारण आधी तो ओळीच्या शेवटी तुटत होता. मी त्या शब्दाची जागा नीट केली.

यादी लागली तेव्हा काकाचं नाव त्यात नव्हतं. नावावर डाग असलेल्यांना वगळलं होतं. तो अजून दैनिक वेतनावर आहे, अजून पहाटे पाचला सायकल काढतो. गाडी त्याला परत मिळाली, कारण त्याच्यासारखी ती दुसऱ्या कोणाला चालवता येत नव्हती. त्याच साहेबाला तो रोज दार उघडून देतो.

यादी लागल्यानंतर मी लेखी जबाब दिला. काय पाहिलं, कोणी पिशवी काढली, कोणी ओतलं, किती नारळ. तो देण्यात शौर्य काही नव्हतं, तोपर्यंत माझं कंत्राट संपलेलंच होतं. बडे बाबूंनी जबाब वाचला आणि परत केला. तुम्ही नातेवाईक आहात, म्हणाले, तुमची साक्ष धरता येत नाही. हजर असलेल्या एखाद्या तिऱ्हाइतानं लिहून दिलं तर नोंदीचा फेरविचार होऊ शकतो, आणि तसं कोणी लिहून देणार नाही हे मलाही माहीत आहे आणि तुम्हालाही, असं ते हसत म्हणाले. नियम त्यांनी बरोबर सांगितला होता, मी तो नंतर वाचला. बाबांची साक्षही त्याच कारणानं गेली. मी फोटोची प्रत मागितली. फोटो भिंतीवरून काढला गेला आहे आणि फोटोग्राफरला निगेटिव्ह सापडत नाही.

ती नोंद काढून टाकावी असं काकानं दिलेलं निवेदन अजून विचाराधीन आहे. पुढची यादी निघायच्या आधी त्यावर निर्णय होणार आहे, आणि त्याचं वय पाहता ती त्याची शेवटची यादी असेल.

म्हणून हे मी मराठीत लिहिते आहे. पोर्चमधल्या त्या आठ-दहा जणांच्या घरी मराठी वाचली जाते हे मला माहीत आहे. तुमच्यापैकी कोणीतरी हे वाचत असेल. काकावर दया करा असं मी म्हणत नाही, आणि तुम्ही तेव्हा का गप्प बसलात हेही विचारत नाही, मीही बसले होते. एक कोरा कागद घ्या. त्यावर लिहा की दसऱ्याच्या पूजेला मी हजर होतो, इंजिनावरची पिशवी चालकानं काढली नाही, आणि पाणी त्यानं ओतलं नाही. ज्यानं ओतलं त्याचं नाव लिहायला हात कापत असेल तर लिहू नका, एवढ्या दोन ओळी पुरतात. खाली सही करा, तारीख घाला, आणि तुमच्याच कार्यालयाच्या आवक खिडकीवर देऊन पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका. पोच नसलेले कागद तिथे हरवतात.